मार्कोसच्या वर्षाचं पंचांग

गाशे शिबेशींना तोंडावर सगळे आदरानं गाशे, म्हणजे काका, म्हणायचे, आणि पाठ वळली की मार्कोस. मर्काटो बाजारातल्या जुन्या पुस्तकांच्या गल्लीत नाव पडायला एक सकाळ पुरते. पुसायला माणूस मरावा लागतो, आणि गाशेंच्या बाबतीत तेवढ्यानंही भागलं नाही. मस्कलच्या सणानंतर ते गेले, दफनाला अर्धा बाजार लोटला, आणि परतताना मुलुनेशच्या मागून कुणीतरी हळहळून म्हणालंच, "गेला बिचारा मार्कोस." मुलुनेश गर्रकन वळली. म्हणणारा गर्दीत पसार झाला, नाहीतर त्याचंही दफन त्याच फेरीत उरकलं असतं.

मुलुनेश ही गाशेंची चेली, आणि आता दुकान तीच बघत होती. या धंद्यात ती आली तीच ओरडा खाऊन. तरुणपणी ती बसथांब्यावर कोलो विकायची, म्हणजे भाजलेले जव आणि हरभरे, कागदाच्या पुड्यांत. एके दिवशी एक उंच, किडकिडा माणूस कोट उडवत आला, टोपलीतली पुडी उचलली, दाणे टोपलीतच ओतले आणि कागद उलगडून वाचायला लागला. मग दुसरी पुडी. मग तिसरी.

"अहो, खायचंय की वाचायचंय?" मुलुनेश ओरडली.

"मधलं पान कुठंय?" तो तिच्याहून मोठ्यानं ओरडला. "घोडा नदीत उतरलाय आणि पुढचं पानच नाही! मधलं पान कुणाला विकलंस?"

"त्या ड्रायव्हरला. तो बघा, चघळतोय."

तेवढ्यात बस सुटली. हा शहाणा माणूस बसच्या मागं धावला, आणि बऱ्याच वेळानं घामाघूम होऊन, हातात चुरगळलेलं पान फडकावत परत आला. ओठांवर हसू मावत नव्हतं. "घोडा वाचला," त्यानं मुलुनेशला सांगितलं. दुसऱ्या दिवशी येऊन दुकानात कामाला ये म्हणाला. "तुला पुस्तकं इतकी सुरेख फाडता येतात, म्हणजे ती कशी शिवलेली असतात हे तुला कळत असणार." गाशे शिबेशी याला पात्रता समजायचे. तिला वाचता येतं की नाही हेही त्यांनी विचारलं नव्हतं. येत होतं, हे त्यांचं नशीब.

शिकवायची त्यांची पद्धत अशीच, उलटी. पुस्तक हातात आलं की ते शीर्षक बघायचेच नाहीत. एक पान धरायचे, कानाशी न्यायचे आणि हळूच फडफडवायचे. "पुस्तक काय बोलतं ते मागाहून. आधी कागद काय बोलतो ते ऐक." चिंध्यांचा जुना कागद ओल्या पिठासारखा दबक्या आवाजात बोलतो, नवा चरचरतो, मुलुनेशला हे ऐकू यायला कितीतरी पावसाळे लागले. आणि दुसरा धडा कॉफीचा. कुणाच्या घरी पुस्तकं बघायला गेलं की कॉफी होणारच, आणि तीन फेऱ्या होणार: अबोल, तोना, बरका. "पहिल्या कपाला माणसाची चौकशी करायची. दुसऱ्याला त्याचं ऐकायचं. तिसऱ्या कपाआधी पुस्तकाचं नाव काढलंस तर सरळ घरी जा, पुन्हा माझ्याकडे येऊ नको."

गुलेलेतल्या एका म्हाताऱ्या विधवेच्या घरी मुलुनेश त्यांच्याबरोबर होती. धुपाच्या पत्र्याच्या डब्यात, धुपाच्या खड्यांखाली, तळहाताएवढं निळ्या कव्हराचं पंचांग होतं. गाशेंनी ते उचललं, ठेवलं आणि म्हातारीला तिच्या गुडघेदुखीबद्दल विचारलं. फक्त त्यांचे कान लालबुंद झाले होते. तीन कप होईपर्यंत मुलुनेश त्या कानांकडेच बघत राहिली. मग पंचांग विकत घेऊन बाहेर पडल्यावर, कोपरा वळताच गाशे भर रस्त्यात खांदे उडवत नाचायला लागले, इतके की एक गाढव बिचकून बाजूला झालं.

"अहो, आहे काय ते?"

"पंचांग! सारकिसच्या छापखान्याचं! आणि मला वाटतं, सगळ्यात पहिलं!"

सारकिस म्हणजे फार पूर्वी या शहरात आलेला एक अर्मेनियन. त्याच्या छापखान्याचं पहिलं पंचांग १९१७ सालचं, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. त्याच्या दोन-तीन प्रती बाजारात फिरून गेल्या होत्या. या निळ्या पंचांगावरही १९१७च होतं. पण गाशेंनी दुकानात आल्यावर पान कानाशी धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "हे त्याच्याहून जुनं आहे. चांगल्या बऱ्याच वर्षांनी जुनं आहे."

"१९१७ हून जुनं १९१७?" शेजारच्या दुकानातून तेफेरा आला. तेफेरा आणि गाशे तरुणपणापासून दुपारी एका ताटात जेवायचे, एकमेकांना घास भरवायचे. दोस्त असा की भांडायला दुसरा माणूस लागू नये. त्यानं पंचांग उघडलं. आत छापलं होतं: मार्कोसचं वर्ष, नववर्ष मंगळवारी. तेफेरानं ते पुन्हा वाचलं, आणि त्याला हसू आवरेना.

त्याचंही चूक नव्हतं. आमची वर्षं चार शुभवर्तमानकारांच्या नावानं ओळीनं चालतात, मातेवोस, मार्कोस, लुकास, योहानिस, की पुन्हा मातेवोस. आणि १९१७ हे मातेवोसचं वर्ष, हे देवळाच्या पायरीवर बसणाऱ्या भिकाऱ्यालाही विचारा. शिवाय वरचा सालाचा आकडा आमच्या गीझ अंकांत नाही, फरंजी म्हणजे परदेशी अंकांत.

"शिबेशी, तुला कुणीतरी बनवलंय. बनवणाऱ्याला साधं मातेवोसचं वर्षही माहीत नव्हतं. नाहीतर," तेफेरा डोळे मिचकावत म्हणाला, "तू आम्हाला बनवतोयस."

"ते तसं का, मला ठाऊक नाही," गाशे म्हणाले. "पण कागद खोटं बोलत नाही."

"मग काय मार्कोस खोटं बोलतो?"

गल्ली पोट धरधरून हसली. झालं, नाव पडलं.

हसण्यावर राहिलं असतं तर गाशेंनी ते कोटावरच्या धुळीसारखं झटकलं असतं. पण त्यांनी ते पंचांग टोरोंटोला, फिक्रू नावाच्या माणसाला विकलं. फिक्रू जुनी पुस्तकं जमवायचा, आणि तो गाशेंच्या तिथंच राहणाऱ्या मुलीच्या, सेलामावितच्या ओळखीचा होता. तेफेराचा शब्द समुद्र ओलांडून तिथवर पोचला आणि फिक्रूनं पंचांग परत पाठवलं. त्या रात्री सेलामावितचा फोन आला. मुलुनेश शेजारी उभी होती, शब्द न् शब्द तिला ऐकू आला. "बाबा, तुम्ही माझ्या माणसांना फसवलंत. मला इथं तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत." गाशेंनी वाद घातला नाही, खुलासा केला नाही. "बरं, पोरी," एवढं म्हणून फोन ठेवला. मग बापलेकीचं बोलणं नववर्षाला आणि ईस्टरला, तेही तब्येतीपुरतं. आणि तेफेराबरोबरचं ताट तर त्या दुपारपासूनच वेगळं झालं. पंचांग मात्र गाशेंनी दुकानाच्या दर्शनी काचेत मांडलं, लोकांनी रोज बघावं म्हणून. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तसलं ते.

आता गाशेंचा चाळिसाव्या दिवसाचा तेझकार, म्हणजे स्मरणाचं जेवण, होता. वस्तीची मंडळी तंबू ठोकणार, पुजारी येणार, बाजार जेवणार, आणि सेलामावित येणार होती. मुलुनेशला एकच गोष्ट हवी होती: त्या तंबूत मुलीनं आपल्या बापाला लबाड समजत बसू नये. कसं करायचं, याचा तिला पत्ता नव्हता. निरोप मात्र तिनंच दिला होता: तेझकार हिदार महिन्याच्या वीसला.

एका सकाळी दुकानासमोर टॅक्सी थांबली. तीन बॅगा उतरल्या आणि मागून काळ्या पोशाखातली, डोळे सुजलेली सेलामावित.

"तंबू कुठंय?"

मुलुनेश झाडू हातात घेऊन उभी. "कसला तंबू?"

"बाबांचा तेझकार! आज वीस ना?"

"कुठली वीस?"

"अगं, वीस नोव्हेंबर! दोन विमानं बदलून आलेय मी, थट्टा करू नकोस."

मुलुनेशनं कपाळावर हात मारून घेतला. "अगं बये, आज हिदार अकरा! अजून ना मसूर निवडलाय, ना तंबू सांगितलाय! तिकडं राहून पार फरंजी झालीस तू. वीस वीस काय घेऊन बसलीस, तुझी वीस वेगळी, आमची वीस वे…"

ती थांबली. तोंड उघडं ते उघडंच.

"काय झालं?" सेलामावित घाबरली. "मुलू? बस, बस खाली. पाणी आणू?"

मुलुनेशनं झाडू फेकून दिला. "आकडा एकच," ती पुटपुटली. मग ओरडली, "आकडा एकच, हिशेब दोन! गाशे! अहो गाशे, सापडलं!" आणि धावत मागच्या खोलीत गेली.

तिथं त्यांचं स्टूल होतं. ती स्टुलाकडे बघत उभी राहिली. उभ्या जन्मात या माणसाला सांगण्यासारखी एवढी मोठी बातमी तिच्या हाती कधी आली नव्हती, आणि ती पोचवायला आता पत्ता नव्हता. तिला रडू फुटलं, पण आनंद इतका उसळत होता की रडायलाही सवड नव्हती. पदरानं तोंड पुसत ती बाहेर आली, काचेतून पंचांग काढलं आणि सेलामावितच्या नाकासमोर धरलं.

"हे साल कुणी लावलं? छापणाऱ्यानं. छापणारा कोण? अर्मेनियन, नवाच आलेला. त्याच्या डोक्यात साल कुठलं असणार? तुझ्या डोक्यात आहे तेच! हे १९१७ आमचं नाहीच, फरंज्यांचं आहे! आतला मजकूर पुजाऱ्याचा, तो आपल्या हिशेबानं. तुझी जशी वीस, तसं याचं साल!"

"म्हणजे… आपलं कुठलं?"

"आपलं साल फरंज्यांच्या सात-आठ वर्षं मागं चालतं ना? त्यांच्या त्या सप्टेंबरात आपलं १९१० लागलं. आता मोज माझ्याबरोबर, मागं मागं. १९१७ मातेवोस. सोळा योहानिस. पंधरा लुकास…" दोघी बोटं मुडपत मोजायला लागल्या, आवाज चढत गेला, समोरचा चपलावाला गिऱ्हाईक सोडून बघायला आला. "…तेरा मातेवोस, बारा योहानिस, अकरा लुकास, दहा…"

"मार्कोस!" दोघी एकदम किंचाळल्या.

सेलामावित बॅगेवरच बसली. तिनं पंचांग मांडीवर घेतलं. "आणि मी त्यांना फोनवर काय काय बोलले," ती म्हणाली.

"ते आता नंतर. अजून मंगळवार उरलाय."

मंगळवार खरा ठरायला हवा होता. मार्कोस एकदा योगायोगानंही जुळेल, पण १९१०चं नववर्ष मंगळवारीच लागलं असेल तर तेफेराला तोंड उघडायला जागा नव्हती. वार काढायचा हिशेब मुलुनेशला येत नव्हता. तो आब्बा किरोस, दाढीवाले म्हातारे पुजारी, बोटांच्या पेरांवर करायचे.

"चल, आत्ताच विचारून येऊ," सेलामावित उठलीच.

"मुळीच नाही. तंबूत विचारायचं. सगळ्यांसमोर, पहिल्यांदाच. आधी विचारलं तर तेफेरा म्हणेल, पुजाऱ्याला पढवून आणलंय."

"आणि मंगळवार नाही निघाला तर?"

"तर सगळ्यांसमोर माझं नाक कापलं जाईल. गाशेंचं कापलं होतंच की. एकटं त्यांचंच का?"

नऊ दिवस दोघींनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. नाताळाआधीचा उपवास अजून सुरू व्हायचा होता म्हणून पहिल्याच संध्याकाळी मुलुनेशनं कोंबडीचं डोरोवोट केलं. "तारीख चुकलीस म्हणून हे तरी मिळालं. वेळेवर आली असतीस तर नुसती डाळ होती." सेलामावित रोज सकाळी म्हणायची, "जाऊन हळूच विचारू या ना," आणि मुलुनेश रोज तिला झाडू दाखवायची. पण स्वतः ती झोपेत मंगळवार, मंगळवार असं बडबडत होती.

तेझकारचा दिवस उजाडला. तंबू भरला, प्रार्थना झाली, इंजेराच्या पातळ भाकरीवर शिरोचं पिठलं आणि मसूर वाढला गेला. पुढं गाशेंचा फोटो, कोट घातलेला. मुलुनेशनं कॉफीचं मातीचं भांडं, जाबेना, आणून मुद्दाम तेफेराच्या पुढ्यातच मांडलं आणि शेजारी आब्बा किरोसना बसवलं.

पहिला कप. तिनं तेफेराच्या डोळ्याच्या ऑपरेशनची चौकशी केली. सेलामावितनं मागून तिला चिमटा काढला. दुसरा कप. तेफेरा आपणहून बोलायला लागला, शिबेशी बसच्या मागं कसा धावला होता, गाढवासमोर कसा नाचला होता, आणि सांगता सांगता बाहीनं डोळे टिपायला लागला. "एक मार्कोसचं सोडलं तर सोन्यासारखा माणूस," तो म्हणाला. मुलुनेशनं दात आवळले आणि निखाऱ्यावर फुंकर मारली. तिसरा कप तिनं काठोकाठ भरला.

"गाशे तेफेरा, एक विचारू? फरंज्यांचं १९१७ चालू होतं, त्या सप्टेंबरात आपलं कुठलं साल लागलं?"

"दहा. १९१०. हे काय विचारणं?"

"आणि ते कुणाचं वर्ष?"

तेफेरानं सवयीनं बोटं मुडपली. "लुकास अकरा, म्हणजे दहा… मार्कोस."

नाव ऐकून दोन-चार जण फिसकन हसले. तेफेरा हसला नाही. त्याचा कप ओठांशीच थांबला होता.

"आब्बा," मुलुनेश त्यांच्याकडे वळली, "१९१०चं नववर्ष कुठल्या वारी लागलं?"

आब्बा किरोसनी कप खाली ठेवला. "त्यात काय. साडेपाच हजार मिळवायचे…" त्यांचा अंगठा पेरांवरून फिरायला लागला. "त्याची चौथाई मिळवायची… सातांनी भाग…" ते मध्येच थांबले, मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मुलुनेशला वाटलं, हा म्हातारा आज आपला जीव घेणार. सेलामावितनं तिचं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली. वाढपीसुद्धा हातातली परात तशीच धरून उभा होता.

"बाकी उरला एक," आब्बा म्हणाले. "एक म्हणजे मंगळवार."

"मंगळवार!" सेलामावित ओरडली, "मंगळवार!" आणि मुलुनेशनं कमरेच्या पट्ट्यातून निळं पंचांग काढून तेफेराच्या मांडीवर ठेवलं.

तेफेरानं ते उघडलं. मार्कोसचं वर्ष, नववर्ष मंगळवारी. वरचा फरंजी आकडा त्यानं बोटानं चाचपला. मग गुडघ्यांवर हात टेकून तो उठला, आणि त्याच्या घशातून जे निघालं ते हसणं होतं की रडणं, कुणालाच कळलं नाही.

"ऐका रे सगळे! पुस्तक खरं आहे. सारकिसचं पहिलं पंचांग हेच. दुसऱ्याहून सात वर्षांनी जुनं! ज्या खुणांवरून मी याला खोटं म्हटलं, त्याच खुणा ते खरं असल्याचं सांगत होत्या. आणि मी अक्कल पाजळत बसलो. त्याला मार्कोस नाव मी ठेवलं. त्याच्या ताटातून मी उठलो, तो नाही." तो फोटोकडे वळला. "अरे शिबेशी, गाढवा, जरा थांबला असतास तर मी स्वतः तुझ्यापुढं नाचलो असतो की रे!"

तंबूत एकच गलका उठला. बायकांनी तेझकारात करायचं नसतं ते केलं, जीभ हलवून लग्नातल्यासारखी आरोळी ठोकली, आणि आब्बा किरोसनी ऐकू न आल्याचं सोंग केलं. लोक पंचांग बघायला एकमेकांवर पडायला लागले. मुलुनेश सगळ्यांच्या हातांवर चापट्या मारत होती, "आधी शिरोचे हात धुऊन या!"

या सगळ्या गोंधळात सेलामावितनं फोन लावला होता. टोरोंटोत पहाट होती. तिनं आवाज मोठा केला.

"फिक्रू? हो, मी. उठ. बाबांचं पंचांग खरं निघालं. अगदी खरं."

फोनमधून झोपाळू आवाज आला, मग एकदम जागा झालेला. "काय सांगतेस! मग ऐक, मला ते पाहिजे. काय म्हणशील ती किंमत."

"विकायला फोन केलेला नाही. तू त्यांना लबाड म्हणाला होतास. इथं त्यांचा तेझकार चाललाय, सगळा बाजार बसलाय. मी फोन धरते, तू त्यांच्याशी बोल."

"आत्ता? आणि बोलू काय?"

"ते तुझं तू ठरव."

तिनं हात लांब करून फोन फोटोसमोर धरला. सगळ्यांनी माना पुढं केल्या. आधी नुसती खरखर आली, आणि मग इतक्या दुरून, अडखळत, "गाशे शिबेशी… माझं चुकलं. मला माफ करा."

"केलं!" तेफेरा रडत ओरडला, "मलाही कर रे!" आणि सगळा तंबू एकसाथ म्हणाला, "केलं, केलं!"

सेलामावितनं फोन बंद केला. तिची स्वतःची माफी मागायची राहिली होती. ती फोटोपुढं तशीच उभी राहिली, तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मुलुनेशनं ते पाहिलं, आणि मोठ्यानं भांडी आपटत बाजाराला हाक दिली, "अरे बघता काय सगळे तिकडं, ताटं पुढं करा, मसूर गार होतोय!" सगळ्यांनी मुकाट्यानं पाठी फिरवल्या आणि ताटं पुन्हा पुढं ओढली.